रुळांखालचं जंगल

मार्क्सने भांडवलशाहीला झोडपलं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तिचं तोंडभरून कौतुकही त्यानेच केलं, हे सोयीने विसरलं जातं. १८४८च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यातलं भांडवलदारांच्या कर्तबगारीचं वर्णन एखाद्या उद्योगपतीच्या गौरवग्रंथात खपून जाईल. त्यामागचा हिशेब असा: या वर्गाने सरंजामी बेड्या तोडाव्यात, गिरण्या आणि रेल्वे उभाराव्यात, पुढे ते सारं कामगारांच्या हाती यायचंच आहे.

१८५३मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी धावली. त्याच वर्षी मार्क्स न्यूयॉर्कच्या एका दैनिकात हिंदुस्थानावर लिहीत होता. इंग्रजांचे हेतू नीच, पण रेल्वेमागून उद्योग येतील आणि जातींवर उभी असलेली कामाची वाटणी मोडेल, अशी त्याची अटकळ. रुळांखालचे लाकडी स्लीपर मात्र त्याच्या हिशेबात नव्हते. त्यांच्यासाठी साग, साल, देवदार तुटले. लाकडाची चिंता पडली तेव्हा सरकारने १८६४मध्ये वनखातं काढलं, १८७८च्या कायद्याने जंगलं राखीव केली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तिथे गुरं चारणारा माणूस आपल्याच डोंगरावर चोर ठरला. जोतीराव फुल्यांनी १८८३च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या जंगलखात्याला धारेवर धरलं. ते पुस्तक आपण पर्यावरणाचं म्हणून क्वचितच वाचतो.

तोवर लंडनमध्ये मार्क्सही बदलला होता. लीबिग या रसायनशास्त्रज्ञाला वाचून त्याने ‘भांडवल’च्या पहिल्या खंडात (१८६७) लिहिलं होतं की, मातीतलं सत्त्व धान्याबरोबर शहरात जातं ते परतत नाही, भांडवली शेती मजुराला नागवते तशी जमिनीलाही. १८८१मध्ये वेरा झासुलिच या रशियन क्रांतिकारक बाईंनी त्याला विचारलं, आमच्या गावांची सामाईक जमीन मोडून भांडवलशाही यायलाच हवी का? त्याने मसुद्यावर मसुदे खरडले आणि अखेर छोटंसं उत्तर धाडलं: ती अपरिहार्यता मी पश्चिम युरोपपुरतीच सांगितली होती.

पुढे मार्क्सचं नाव घेणाऱ्या सोव्हिएत नियोजनकारांनी आमू दर्या आणि सिर दर्या या नद्या कापसाकडे वळवल्या, अरल समुद्र आटला. तिथे खाजगी मालक नव्हता, नफेखोर गिरणीवालाही नव्हता. भांडवलशाहीचा वारसा हाती घेणाऱ्यांनी ओरबाडण्याची रीतही सोबत उचलली होती, आणि तिला प्रगती म्हणायची सवयही. गिरणी ताब्यात घेता येते. आटलेला समुद्र कोणत्या ठरावाने ताब्यात घेणार?

उतारवयात मार्क्सने आर्थिक वाढीचा ध्यासच सोडला होता, असं जपानचे तत्त्वज्ञ कोहेई साइतो म्हणतात. झासुलिचबाईंसाठीच्या त्या मसुद्यांवर एवढा भार टाकणं मला पटत नाही. पण त्या बाईंचा प्रश्न एवढ्या उशिरा का होईना, पुन्हा नीट विचारला जातो आहे, याचं श्रेय साइतोंना द्यावं लागतं.