बांधावरची वाट

(दोघे बोलताहेत : शेत सांभाळणारी पुतणी आणि वकिली केलेले काका.)

"काका, शेजारचे आप्पा आमच्या बांधावरून बैलगाडी नेतात, ते बाबांच्या काळापासून. आता तिथूनच त्यांना उसाची ट्रॉली काढायचीय. काय सांगू?"

"आधी मला सांग, वाट विचारून वापरली की हक्कानं?"

"विचारून. बाबा 'जा की' म्हणाले होते."

"मग हक्क झालेला नाही. 1882 च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम 15 बघ. 20 वर्षं उघडपणे, शांततेनं, खंड न पडता आणि हक्क म्हणून वापर लागतो. परवानगीनं कितीही वर्षं चाललं तरी ती मुभाच. मुभा सहसा काढून घेता येते."

"म्हणजे विचारणारा कायम उपरा, आणि न विचारता घुसणारा हक्कदार?"

"मलाही ते टोचतं. पण नुसत्या 'जा की'नं जमीन कायमची बांधली गेली असती, तर बाबा तसं म्हणाले असते का? मोकळ्या मनानं हो म्हणता यावं, म्हणून कायदा देणाऱ्याला जपतो."

"आणि घेणाऱ्याला? आप्पांना दुसरी वाट नाही. तोडलेला ऊस बांधावर पडून राहिला की रोज वजन घटतं. त्यांनी माझ्या मर्जीवर शेती करायची, आणि माझ्यानंतर माझ्या मुलांच्या?"

"त्यासाठी जमीन महसूल संहितेचं कलम 143 आहे. तहसीलदार पाहणी करून बांधावरून वाट देऊ शकतो. पण तू विरोध केलास तर प्रकरण लांबेल. शिवाय गाडीवाटेच्या हक्कात ट्रॉलीची वाट आपोआप येत नाही, हेही तुझ्या बाजूनं आहे."

"विरोध करायचा नाही मला. ज्याचं पीक वाटेवाचून अडतं, त्याला वाट हक्कानंच मिळाली पाहिजे, माझ्या उपकारानं नाही. मीच त्यांच्याबरोबर तहसीलला जाते."

"जमिनीचा भाव पडेल."

"पडू दे. फक्त बांधाच्या दोन्ही अंगांची जमीन सारखी जावी."

"ते मागता येईल. पण विहिरीपाशी ट्रॉली वळायला बांध पुरायचा नाही. तुझ्या रानातला कोपरा लागेल."

"त्याच्याखालून पाइपलाइन गेलीय. दुरुस्तीला उकरावं लागलं तर वाट थांबवता आली पाहिजे. तेवढा कोपरा मुभा म्हणूनच देईन."

"मग ते वेगळ्या कागदावर लिही, आणि आप्पांची सही घे."