राखणीची बंदूक

खंडेनवमीला आमच्या डिचोली महालातील काही जुन्या घरांत कोयता, फाळ यांच्यासोबत आजोबांची ठासणीची बंदूकही पाटावर येते. तिला हळदकुंकू वाहताना एक प्रश्न मात्र आपण टाळतो : ही आपली मालमत्ता, की समाजाने विश्वासाने हाती दिलेली ठेव?

अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याचा हक्क नोंदलेला आहे. आपल्या घटनेने एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य दिले, तेही शांततेने आणि विनाशस्त्र. तरीही १९५९ चा शस्त्र अधिनियम शेतकऱ्याला विसरलेला नाही. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्यास परवाना द्यावा, असे तेरावे कलम सांगते. सार्वजनिक शांततेला वा सुरक्षिततेला धोका असल्यास तो नाकारावा, असे चौदावे. म्हणजे येथे हक्क शस्त्राचा नाही, शेताचा आहे.

आमोण्यासारख्या गावात हा भेद पुस्तकी राहत नाही. २०२२ ची विधानसभा निवडणूक फेब्रुवारीत झाली, २०२४ ची लोकसभेची मे महिन्यात. निवडणूक आली की परवान्याची शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. नेमके तेव्हाच वायंगण पोसवत असते, नाहीतर काजू पिकत असतात. आणि रानडुकरांना आचारसंहिता ठाऊक नसते. शस्त्रे सरसकट न घेता प्रत्येक परवानाधारकाची छाननी व्हावी, ही निवडणूक आयोगाचीच सूचना आहे. सुरक्षिततेच्या नावाने निरपराध शेतकऱ्याला संशयिताच्या रांगेत उभे करणे न्यायाचे नव्हे.

पण हिशेब आपणही द्यायला हवा. बार काढून जनावर हाकलणे वेगळे आणि शिकार वेगळी. १९७२ च्या वन्यजीव कायद्यापुढे पिकाचा परवाना ही शिकारीची सबब होत नाही. शिवाय रात्री झुडूप हलते, तेव्हा पलीकडे डुक्कर आहे की राखणीला निघालेला शेजारी, हे अंधार सांगत नाही. सुटलेला बार परत येत नाही.

म्हणून आम्हांला वाटते, दोघांनीही कारण सांगावे. शासनाने बंदूक घेताना माणूस पाहावा आणि काम संपताच ती परत करावी. आणि ज्यांची शेते केव्हाच पडीक झाली, त्या आपण केवळ आजोबांच्या आठवणीसाठी परवान्याचे नूतनीकरण करू नये. आठवण जपायला तसबीर पुरते. शेत राहिले नाही, तर राखण कशाची?