आंबा घाटात दुसरा गिअर

चि. निखिल यास,


स्विफ्ट डिझेलच्या इंजिनाची फाइल बदलून, म्हणजे रिमॅप करून, ७५ची १०० हॉर्सपॉवर करायची म्हणतोस. नाही म्हणत नाही. पण आंबा घाटात वळणावर गाडी मरते म्हणून हा खर्च काढला असशील, तर नेमका तिथेच त्याचा उपयोग सगळ्यात कमी.

तुझं फियाटचं १.३ मल्टिजेट २००० आरपीएमला १९० न्यूटन-मीटर टॉर्क देतं. त्याच्या बरंच खाली टर्बोला जोर नसतो, आणि दुसऱ्या गिअरला वळणावर तू जेमतेम दीड हजारावर असतोस. हवाच कमी, तिथे लॅपटॉपवाल्याने डिझेल वाढवलं तर ते अर्धवट जळून काळं बाहेर पडेल. पूर्वी पंपाचा स्क्रू पिळून ट्रकवाले हेच करायचे. मागच्याला रस्ता दिसायचा नाही. वळणावर सरळ पहिला टाक, फुकटात काम होतं.

जुन्या डिझेल अर्टिगात हेच इंजिन ९० हॉर्सपॉवर द्यायचं, हे खरं. पण तिच्या टर्बोची पाती हलायची, तुझ्या टर्बोची हलत नाहीत. फाइल बदलून पाती उगवत नाहीत.

रिमॅपची खरी मजा दोन ते साडेतीन हजारांत, हातखंब्यापुढे हायवेला ट्रक मागे टाकताना. कंपनीने तिथे थोडी मोकळीक राखलेली असते, कारण तिला राजस्थानचा उन्हाळा, भेसळीचं डिझेल आणि ऑइल बदलायला विसरणारा मालक, सगळेच धरून चालावं लागतं. त्यातलं थोडंच घे. अधाशीपणा केलास की पहिली बोंब क्लच मारतो: चढाला चौथ्यात पाय दाबला की आरपीएम वर, वेग तिथेच.

आधी बॉनेट उघड. इंटरकूलरच्या होजवर, क्लिपेपाशी, तेलकट धूळ चिकटली असेल तर तिथून हवा गळतेय. बूस्ट सेन्सर काढून टोकाची काजळी पूस. आपल्या खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडतात, त्याही बघ. पिकअप गेला म्हणून आलेल्या पुष्कळ गाड्या एवढ्यावरच सुधारतात, आणि मग रिमॅपची हौस आपोआप निवते.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाच. आरसीतल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. विमा कंपनीला अंधारात ठेवलंस तर अपघातानंतर क्लेम अडकू शकतो. ‘ईजीआर बंद करून देतो’ म्हणणाऱ्याकडून, म्हणजे प्रदूषण रोखणारा व्हॉल्व्हच बंद करणाऱ्याकडून, तर चहाही न घेता उठ.

एवढं करूनही रिमॅपसाठी पुण्याला जायचंच असेल, तर किती हॉर्सपॉवर वाढेल ते विचारू नकोस. टॉर्क कुठे थांबवणार ते विचार, ताकद मोजणाऱ्या डायनोवरचा आधीचा आणि नंतरचा ग्राफ माग. आणि मूळ फाइल पेनड्राइव्हवर हातात पडल्याशिवाय पैसे देऊ नकोस.



तुझा,
काका