घोडं पेंड खात होतं कुठं

बसू नकोस. उभाच राहा. परवाची अख्खी रात्र सरदार उभा होता, तू अर्धा तास उभा राहिलास तर झिजणार नाहीस. आणि ती ढाल आधी मेजावरून उचल. ती समोर असली की माझ्या तोंडून नको ते जाईल.

घोडा वाचला हे मला सांगू नकोस. काल संध्याकाळी पाच वाजता त्याने लीद टाकली तेव्हा तिथे मी होतो आणि मोतद्दार चाचा होते. साठी उलटलेले दोन म्हातारे, पाटीभर लिदीकडे दिवाळीच्या फराळाकडे बघावं तसे बघत होतो. चाचांच्या डोळ्यांत पाणी होतं. तू घरी झोपला होतास.

आता तू गावभर सांगतो आहेस की आधी पाय गेला, मग पोट गेलं, घोड्याचं नशीबच फुटकं. त्याच्या नशिबाला कशाला बोल लावतोस? पायाचं दुखणं तू दाबलंस, तेच पोटात गेलं. दोन्हींच्या मधली पायरी तू स्वतःच्या हाताने बांधलीस. कशी, ते आज ऐकून घे. मध्ये बोलू नकोस.

सोमवारी नाल बदलले. शुक्रवारी सकाळी दुडक्या चालीवर चाचा म्हणाले, ‘पुढचा डावा धरतोय.’ तू काय म्हणालास? ‘अंग गरम झालं की सुटेल.’ घोड्याचा पाय म्हणजे थंडीतली मोटारसायकल आहे, दोन किका मारल्या की सुरू व्हायला? बरं, मला सांग, डोकं वर उडतं तेव्हा कुठला पाय जमिनीवर असतो? नाही येत? तीन वर्षं झाली तुला इथे येऊन. दुखरा पाय टेकला की घोडा भार चुकवायला डोकं वर झटकतो आणि चांगल्या पायावर मान खाली टाकतो. हे पाठीवर बसून दिसत नाही. त्यासाठी खाली उतरावं लागतं, कडक सपाट जमिनीवर दुसऱ्याला घोडा पळवायला लावावं लागतं, सरळ, ढिल्या दोरीवर. तू दोरी आखडून धरायला लावलीस, म्हणजे मान हलतच नाही. आणि मग ‘बघा, काही नाही.’ डोळ्यांवर हात ठेवून अंधार पडला म्हणायचं, तसलं हे.

पुढच्या पायाचं लंगडणं निघालं की आधी खूर बघायचा. दहातल्या बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. हाताची पालथी बाजू खुराला लाव, दोन्ही पायांची ऊब ताडून बघ. खुराच्या वरच्या सांध्यामागे दोन्ही बाजूंना दोन बोटं ठेव. चांगल्या घोड्यात तिथली नाडी शोधावी लागते, आत पू धरला असेल तर ती बोटांवर टकटक आपटते. सांगून ठेवतो, परवा रात्री तीन वाजता ती आपटत होती, दहा दिवसांच्या औषधानंतरसुद्धा. नालाचा एक खिळा मांसाच्या फार जवळून गेला होता. नालबंदाला शिव्या घालू नकोस. खिळा जवळून जाणं कुणाच्याही हातून होतं, म्हणून तर नाल ठोकल्यावर आठवडाभर पायावर लक्ष ठेवायचं असतं. शुक्रवारीच डॉक्टरला बोलावलं असतंस तर त्याने चिमट्याने खूर दाबत दाबत ती जागा गाठली असती, नाल काढला असता, तळव्याला बारीक वाट करून पू सोडला असता. मग भिजवणं, पोटीस, पट्टी, धनुर्वाताची सुई. थोड्या दिवसांत बहुधा घोडा चालता झाला असता. आता तोच पू वाट शोधत वर चढला आणि केस सुरू होतात तिथे, खुराच्या कडेला फुटला. परवा डॉक्टरने बॅटरीच्या उजेडात दाखवला तेव्हा तू मान फिरवलीस. वास आला ना? तो तुझ्या दुसऱ्या क्रमांकाचा वास.

तू डॉक्टरला बोलावलं नाहीस, कारण तो म्हणाला असता की रविवारी स्पर्धेत उतरू नको. म्हणून कुणाकडून तरी दुखणं दाबायला ब्यूटची पूड आणलीस. किती दिलीस? ‘अंदाजे.’ अंदाजे! सरदारचं वजन किती? तेही माहीत नाही. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोज, त्याचा वर्ग कर, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतच्या लांबीने गुण, 11,880 ने भाग. घेर 185, लांबी 165, म्हणजे 475 किलोच्या आसपास. पाचवीतल्या पोराचं गणित. डॉक्टर या आकड्यावर औषध मोजतो, तू चमच्यावर मोजलंस. आणि दुसऱ्या दिवशी फरक दिसेना, तर चमचा वाढवलास.

ब्यूट, म्हणजे फेनिलब्युटाझोन, वाईट औषध नाही. मी हजारदा दिलं असेल, डॉक्टरच्या हुकमावर. पण त्याला आणि विषाला वेगळं ठेवणारी भिंत पातळ आहे. ते ज्या वाटेने दुखणं दाबतं, त्याच वाटेने पोटाच्या आतल्या अस्तराचं कवच काढून घेतं. जठरात व्रण पडतात, मोठ्या आतड्याच्या उजव्या वरच्या भागाला सूज येते, आणि घोडा पाणी कमी पीत असेल तर मूत्रपिंडांवर बेतते. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते अंगात सापडलं तर घोडा बाद. का, माहीत आहे? दुखणं ही पहारेकऱ्याची हाक आहे. पहारेकऱ्याचं तोंड बांधून तू दुखऱ्या पायावर घोडा उडवलास, अकरा अडथळ्यांवरून. प्रत्येक उडीनंतर उतरताना सगळा भार आधी पुढच्या पायावर येतो. त्या क्षणी तू लोकांकडे बघत होतास.

तुझ्या खोलीत हांगझोऊचा फोटो लावलेला आहे. सप्टेंबर 2023, ड्रेसाजचं सांघिक सुवर्ण. 1982 नंतर एकेचाळीस वर्षांनी घोडेस्वारीत आशियाई सुवर्ण आलं, संघात मुंबईचा हृदय छेडा होता, मलाही अभिमान वाटला. त्या फोटोत पदकं दिसतात. रोज पहाटे चारही पाय चाचपणारा माणूस दिसत नाही, म्हणून तो नसतोच असं तुला वाटलं.

आणि त्या दिवशी कुणीतरी चेतकाचं नाव काढलं, तर तुझी छाती केवढी फुगली! सारंगखेड्याला दत्तजयंतीच्या यात्रेत त्या नावाचा जल्लोष होतो, होऊ दे. पण गोष्ट नीट ऐकली आहेस का? पाय जखमी झालेला घोडा धन्याला घेऊन ओढा ओलांडतो आणि मरतो. तिथे हळदीघाट होता, पाठीमागे शत्रू होता. तुझ्या पाठीमागे कोण होतं? मंडपवाला?

‘पायच तर आहे’ असं तू चाचांना म्हणालास. घोड्याला नुसता पाय दुखत नसतो. 2006 साली अमेरिकेत बार्बारो नावाचा घोडा केंटकी डर्बी जिंकला आणि दोन आठवड्यांनी प्रीकनेसला त्याचा मागचा उजवा पाय मोडला. पट्ट्या, स्क्रू, उत्तम इस्पितळ, आठ महिने जगभरची माणसं त्याच्यासाठी देव पाण्यात घालून बसली होती. भार दुसऱ्या पायावर गेला, त्या डाव्या खुराचं आतलं अस्तर सुटलं, आणि जानेवारी 2007 मध्ये त्याला झोपवावं लागलं. मोडलेला एक, नेणारा दुसराच.

आता पोट. स्पर्धेनंतरच्या सोमवारी घोडा उघड उघड तीन पायांवर आला, तेव्हा तू त्याला ‘विश्रांती’ दिलीस. म्हणजे ठाणात कोंडलंस. भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला, याचं उत्तर बालवाडीतलं पोरसुद्धा देतं. फिरवलं नाही म्हणून. घोड्याचं आतडं त्याच्या पायांबरोबर चालतं. काम बंद झालं तरी चंदी मात्र पूर्वीइतकीच, चार किलो हरभरा आणि ओट. काम उतरलं की चंदी त्याच दिवशी उतरते, हे मी तुला पहिल्या आठवड्यात शिकवलं. वर चारा निम्मा, पोट सुटून दिसतं म्हणून! अरे, एवढ्या घोड्याला दिवसाला सात ते नऊ किलो सुका चारा लागतो. तोच त्याचा खरा घास, चंदी वरची फोडणी. लोक ‘घोडं कुठं पेंड खातंय’ म्हणतात, तुझं घोडं अगदी समोर पेंड खात होतं आणि तुला दिसलं नाही.

डिसेंबरातलं पाणी बर्फासारखं, बादलीत कालचा पाचोळा. दिवसाला पंचवीस-तीस लिटर पिणारा प्राणी दहावर आला. चाचांनी सांगितलं की लीद सुकी पडते आहे, गोळे लहान, वर चिकट शेंबूड. तू म्हणालास, ‘चालायचंच.’

घोड्याचं मोठं आतडं पोटात दुमडून ठेवलेलं असतं. डाव्या बाजूला, मागे, एका जागी ते एकदम अरुंद होऊन उलटं वळतं. घाटातलं वळण समज. ओला माल असला तर गाडी निघते. सुका कोंडा आला की तिथेच अडकते आणि मागे रांग लागते. परवा डॉक्टरने खांद्यापर्यंत हात घातला तेव्हा त्याच जागी त्याला लोण्याचा नव्हे, मळलेल्या मातीचा गोळा लागला. मी विचारलं, केवढा? तो म्हणाला, तुमच्या मांडीएवढा.

रात्री नऊला चाचांनी तुला फोन केला. चंदी तशीच पडलेली, घोडा वळून कुशीकडे बघतोय, पुढच्या पायाने जमीन खरवडतोय, वरचा ओठ मुरडतोय. तू हळदीच्या कार्यक्रमात. आलास अकराला. आणि आल्यावर जे केलंस त्याबद्दल खरं तर तुला पागेच्या दारातून आत घेऊ नये. बांबूच्या नळकांड्याने तेल आणि ओवा-हिंगाचं पाणी घशात ओतलंस! बैलाला पाजतात म्हणून? वेदनेने तडफडणाऱ्या घोड्याच्या घशात ओतलेलं तेल फुप्फुसात गेलं तर पोट बरं होऊन घोडा न्यूमोनियाने जातो. आणि दुसरं, घोड्याला ओकता येत नाही. जठराचं वरचं तोंड इतकं घट्ट की आत गेलेलं परत येत नाही. ते जठर फार तर पंधरा लिटरचं. आतडं अडलं तर मागे पाणी साचत जातं आणि जठर फुटतं. म्हणून डॉक्टर आल्याबरोबर आधी नाकातून नळी घालतो, आधी काढतो, मग घालतो. तू न काढता घालत होतास.

मग दोन तास फिरवलंस. लंगड्या पायावर, थंडीत. दहा मिनिटं हळू चालवलं तर ठीक, घोडा शांत पडून असेल तर पडू द्यावा. दोन तासांची वरात कशासाठी? डॉक्टरला फोन केलास पावणेतीनला. त्याने विचारलं, नाडी किती? तू म्हणालास, ‘जोरात आहे.’ शाब्बास. निवांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44. परवा 64 होती. साठीच्या वर गेली, औषध देऊनही उतरत नाही, दुखणं पुन्हा उफाळतं, हिरड्या विटकरी होतात, मग टेबलावर घ्यायचा की नाही याचा निर्णय मिनिटांत घ्यावा लागतो. त्याआधी सहा तास तू खाऊन बसला होतास. आणि त्या दिवसभर ब्यूट अंगात होतं, म्हणजे खरी वेदना किती हे डॉक्टरलाही अर्धंच कळत होतं. तरी त्याने तुला विचारलं, औषध दिलं आहे का? आणि तू माझ्या तोंडाकडे बघून ‘नाही’ म्हणालास.

चाचांनी सांगितलं म्हणून कळलं. नोकरी जाईल या भीतीने ते थरथरत होते, तरी बोलले. या अख्ख्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त राग तुझ्या त्या ‘नाही’चा आहे. पाय न समजणं अडाणीपणा, समजू शकतो. डॉक्टरशी खोटं म्हणजे घोड्याच्या मानेवर सुरी.

असा कोरडा चेहरा करू नकोस. तुझ्या वयाचा असताना फौजेत मीही एका घोडीला कामावरून आल्या आल्या, घाम निवायच्या आत भरपेट चंदी घातली होती. माझ्या उस्तादांनी हात उगारला नाही. ठाणात स्टूल ठेवलं, हातात वही दिली, आणि रात्रभर दर अर्ध्या तासाला नाडी, श्वास आणि आतड्याचा आवाज लिहायला लावला. ती वही माझ्याकडे अजून आहे. पहाटे चारच्या ओळीवर शाई पसरलेली आहे, ती का ते तुला सांगणार नाही.

ही घे, नवी वही. ब्यूटची उरलेली पूड माझ्याकडे दे, डॉक्टरला काल रात्रीच मी खरं सांगितलं आहे. तीन महिने खोगीर नाही. चाचांकडून शिकायचं, आणि त्यांना ‘अरे’ म्हणालास तर तिथेच संपलं. चल ठाणात. सरळ अंगावर जाऊ नको, आवाज दे. हं. आधी पोट. डावी कूस, वर आणि खाली, मग उजवी, चारही जागा, कान टेकवून. लांबून ढग गडगडल्यासारखं येतंय? किती वेळाने? लिही. आता जबड्याचं हाड, खालची कड, तिथे दोरीसारखी सरकते ती नाडी. तीन बोटं. माझ्या तोंडाकडे नको, घड्याळाकडे बघ.

किती?

चाळीस? पंधरा सेकंद मोजून चारने गुणलंस ना? मी बघत होतो. पुन्हा. पूर्ण मिनिट.