नाही म्हणण्याची मुभा

निःस्वार्थ दानाची एक जुनी पंचाईत आहे. आपण निःस्वार्थ आहोत हे देणाऱ्याला कळले, की त्या जाणिवेचाच एक सूक्ष्म स्वार्थ तयार होतो. येशूने डोंगरावरील प्रवचनात ही पंचाईत नेमकी हेरली होती. गाजावाजा करून दानधर्म करणाऱ्यांना त्यांचा मोबदला लोकांच्या वाहवेत केव्हाच मिळून गेला, असे तो म्हणतो, आणि उजवा हात काय देतो याचा डाव्याला पत्ता लागू देऊ नका, असे बजावतो. लोकांपासून दान लपवणे एक वेळ जमेल. स्वतःपासून ते कसे लपवायचे? गुप्तदान करणाऱ्यालाही आपल्या गुप्ततेचा अभिमान वाटू शकतोच.

ख्रिस्ती धर्मचिंतनात या प्रश्नावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. हेतू शुद्ध हवा, प्रेम हवे, कृतज्ञता हवी. प्रेम नसेल तर सर्वस्व वाटून टाकले तरी व्यर्थ, असे पौलानेही करिंथकरांना लिहिले. हे सगळे खरे असले, तरी हेतू मोजायला तराजू नाही. मला वाटते, निःस्वार्थपणाचा शोध आपण चुकीच्या दारात उभे राहून घेत आलो आहोत. देणाऱ्याच्या मनात डोकावण्याऐवजी घेणाऱ्याकडे पाहावे. त्याला नाही म्हणता येते का? तक्रार करता येते का? देणाऱ्याशी मतभेद झाला तरी त्याचे ताट चालू राहते का? आणि उद्या तो स्वतः देणारा होऊ शकतो का?

ही कसोटी मी बाहेरून आणून ख्रिस्ती श्रद्धेवर लादत नाही. ती तिच्या मूळ ग्रंथातच आहे. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवसाचे चित्र आहे. तिथे निवाडा होतो तो भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि कैदी यांच्या वाट्याला काय आले यावर. ज्यांची पाठ थोपटली जाते ते चक्रावून विचारतात, आम्ही तुला कधी बरे जेवू घातले? त्यांनी हिशेब ठेवलेलाच नव्हता. तो ठेवला गेला होता घेणाऱ्याच्या बाजूने.

त्याहून बोलका प्रसंग ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेममधली पहिली मंडळी नुकती उभी राहत होती आणि गरजूंना रोजचे अन्न वाटले जात होते. त्यात ग्रीक बोलणाऱ्या यहुदी गटाने कुरकुर सुरू केली की वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते. कुठल्याही अन्नछत्रात अशी कुरकुर झाली, तर सहसा काय उत्तर मिळते ते आपल्याला ठाऊक आहे: फुकट मिळतेय, वर तोंड करून बोलता! प्रेषितांनी तसे केले नाही. त्यांनी सगळ्या मंडळीला बोलावले आणि वाटपाचे काम पाहण्यासाठी सात माणसे निवडायला सांगितली. निवडलेल्या सातांची नावे तिथे दिली आहेत आणि ती सातही ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटपाची पळी गेली. ख्रिस्ती परंपरा आपल्या सेवकपदाचा उगम या प्रसंगात पाहते. संघटित ख्रिस्ती सेवेचे पहिले पद घेणाऱ्यांच्या तक्रारीतून निर्माण झाले, ही गोष्ट प्रवचनांतून फारशी सांगितली जात नाही. ती सांगायला हवी.

महाराष्ट्रात या कसोटीला उतरणारे, आणि कधी कधी तिच्यापाशी अडखळणारेही, सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचे धर्मांतर, त्यावरचे वादंग, केडगावचे मुक्ती मिशन हे सारे आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. पण रमाबाई आधी घेणाऱ्या होत्या आणि मग देणाऱ्या झाल्या, हा क्रम नजरेआड होतो.

1883मध्ये त्या इंग्लंडला गेल्या तेव्हा पंचविशीत होत्या, विधवा होत्या आणि कडेवर मुलगी मनोरमा होती. वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठाने त्यांना आसरा दिला. त्या भगिनींनी एकदा त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले आश्रयगृह दाखवले. समाजाने ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांसाठी ते चालवले जाई. रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत या भेटीविषयी लिहिले आहे. त्यांच्या मनावर ठसले ते असे, की पूर्वी ज्यांना तिथे आधार मिळाला होता, त्यांच्यातल्या काही जणी आता स्वतःच आजाऱ्या-दुबळ्यांच्या सेवेला लागल्या होत्या. काल ज्या घेत होत्या त्या आज देत होत्या.

या बायकांची तुम्ही एवढी काळजी का घेता, असे त्यांनी विचारले, तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. दुपारची वेळ. याकोबाच्या विहिरीवर प्रवासाने दमलेला येशू बसला आहे. शोमरोनी बाई पाणी भरायला येते. यहुदी आणि शोमरोनी यांच्यात पाण्याचा, भांड्यांचा व्यवहार नाही. तो का नाही हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही. येशू बोलायला सुरुवात करतो ती पाणी मागून. तो आधी याचक होतो. ती चटकन पाणी देत नाही. तू यहुदी, मी शोमरोनी, माझ्याकडे पाणी कसे मागतोस, असे विचारते. उपासना कुठल्या डोंगरावर करायची यावर त्याच्याशी वाद घालते. तो तिचे म्हणणे तोडत नाही. सेवेच्या या गोष्टीत घेणारा कोण आणि देणारा कोण, याची अदलाबदल पहिल्याच वाक्यात होऊन जाते.

29 सप्टेंबर 1883 रोजी रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. यानंतर त्या आश्रयदात्यांच्या मुठीत गेल्या असतील अशी समजूत कोणी करून घेतली असेल, तर त्यांनी वाँटेजच्याच सिस्टर जेराल्डिन यांच्याशी केलेला पत्रव्यवहार वाचावा. त्रैक्याच्या सिद्धान्तावर त्या शंका घेतात. शाकाहार सोडत नाहीत. त्यांनी तरुण पुरुषांना शिकवू नये असे हिंदुस्थानातल्या बिशपांनी कळवले, तेव्हा चिडून जाब विचारतात. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवल्यावर दुसऱ्याचे जू मानेवर घेणार नाही, असे स्पष्ट लिहितात. सिस्टर जेराल्डिन दुखावल्या, कधी रागावल्या, त्यांना हे उद्धटपणाचे वाटले. पण संबंध तुटला नाही, पत्रे थांबली नाहीत. वाँटेजच्या भगिनींच्या दानाचा मोठेपणा मला त्यांच्या प्रार्थनांपेक्षा या भांडणांत जास्त दिसतो. ज्या घरी खाल्ले त्याच घरात बसून वाद घालण्याची सोय रमाबाईंना मिळाली.

आता देणाऱ्या रमाबाईंकडे वळू. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवा आणि मुलींच्या शिक्षणासाठी त्यांचे शारदा सदन सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हलले. पैसा बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनचा होता आणि अट अशी होती की संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील. ब्राह्मण मुलींना आपले आचार पाळता येत होते. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसे सल्लागार होती. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करत. दार उघडे असे आणि काही मुली येऊन बसत. त्या उघड्या दारावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठवली, 1893मध्ये सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दार लावून घ्यायला हवे होते का? रमाबाईंचे म्हणणे होते की हिंदू मुलीला पूजा करायची मुभा आहे, तशी मलाही प्रार्थनेची आहे. यात चूक काढता येत नाही. पण ज्या बाईच्या हातात आपले अन्न, शिक्षण आणि पुढचे आयुष्य आहे, तिच्या खोलीचे दार उघडे असेल, तर त्या उघडेपणाला एक वजन असते. तेरा-चौदा वर्षांच्या बालविधवेला ते जाणवत नसेल, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. टीकाकारांच्या शंकेत तथ्य होते. फक्त त्या मुलींना सासर-माहेरच्या घरांत नाही म्हणण्याची किती मुभा होती, हे त्यांनी कधी विचारले नाही.

या वादात मला निर्णायक वाटते ती एका विद्यार्थिनीची साक्ष. शारदा सदनातली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. रमाबाईंच्या छत्राखाली शिकूनही त्या हिंदूच राहिल्या, 1893मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि त्या आनंदीबाई कर्वे म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या. 1896मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रमाचे काम सुरू केले आणि त्यासाठी आनंदीबाईंनी वर्गणी गोळा करत दारोदार पायपीट केली. रमाबाईंनी जे दिले ते त्यांनी घेतले, जे घ्यायचे नव्हते ते घेतले नाही, आणि घेतलेले दुसऱ्यांपर्यंत पोचवले. शारदा सदनाच्या बाजूने याहून भक्कम पुरावा रमाबाईंच्या कुठल्याही अहवालात सापडणार नाही.

पुढचा टप्पा अधिक अवघड आहे. 1896-97च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून केडगावच्या माळावर त्यांची सोय लावली. पाठोपाठच्या दुष्काळाने ही वस्ती हजारांच्या घरात नेली. केडगावचे काम उघडउघड ख्रिस्ती होते. तटस्थतेचे वचन आता नव्हते. हाडांचा सापळा झालेल्या पोरीला नाही म्हणण्याची मुभा होती का, हा प्रश्न तिथे क्रूर वाटतो. भुकेपुढे नकार नसतोच. दुष्काळातल्या बाप्तिस्म्यांवर घेतला जाणारा आक्षेप म्हणूनच हसण्यावारी नेता येत नाही. गांधीजींनीही सेवेआड धर्मांतराचा हेतू असू नये असा आग्रह पुढे सतत धरला.

पण मग कसोटीचा क्षण पुढे सरकतो. ज्या दिवशी पोरीच्या पोटात अन्न गेले तो दिवस मोजायचा नाही. तिच्या अंगात बळ आल्यानंतरची वर्षे मोजायची. मुक्तीमध्ये मुली शेती, विणकाम, छपाई शिकल्या. अंधांसाठी वेगळी सोय झाली. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून केलेला बायबलचा मराठी अनुवाद तिथल्याच छापखान्यात बायकांनी जुळवला आणि छापला. रमाबाई 1922मध्ये गेल्या, पूर्ण बायबल त्यानंतर, 1924मध्ये बाहेर आले. हाताला कसब असलेल्या बाईला निदान निघून जाता येते. धर्म निवडण्याचे स्वातंत्र्य मुक्तीने दिले का, याचे उत्तर मी छातीठोकपणे होय असे देणार नाही. उपजीविकेचे स्वातंत्र्य मात्र तिने दिले, आणि उपजीविकेशिवाय पहिले स्वातंत्र्य कागदावरच राहते.

ख्रिस्ती मंडळीतल्या काही जाणत्यांना ही गाठ दिसली होती. नारायण वामन टिळक 1895मध्ये ख्रिस्ती झाले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ठाम नकार दिला आणि त्या काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या पायांनी चालत, स्वतःच्या बुद्धीने; त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्याची खात्री पटते. टिळकांना घरातच शिकायला मिळाले की नकार पचवावा लागतो. 1917मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत होते. पगार सोडल्याने देणाऱ्यावरचे बंधन गेले, बाप्तिस्म्याची अट काढून येणाऱ्यावरचे गेले. दोन वर्षांत टिळक वारले आणि प्रयोग अर्धवट राहिला, पण दिशा बरोबर होती.

मिझोरममध्ये ती दिशा दुसऱ्या वाटेने गाठली गेली. 1894मध्ये तिथे मिशनरी आले, आणि 1910च्या सुमारास मिझो ख्रिस्ती बायकांनी प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढायला सुरुवात केली. दोन दशकांच्या आत घेणारा समाज देणारा झाला होता. ही प्रथा आजही चालू आहे आणि तिच्या पैशाच्या हातभाराने तिथली मंडळी स्वतःचे काम चालवते. मंदिराच्या दानपेटीत दोन दमड्या टाकणाऱ्या विधवेचे येशूने कौतुक केले, ते आपण त्यागाचा नमुना म्हणून सांगतो. त्याची दुसरी बाजूही आहे: देण्याचा मान गरिबाकडून काढून घेऊ नये.

आता आजचे चित्र पाहा. धर्मादाय संस्था कुठल्याही धर्माची असो, तिच्या वार्षिक अहवालात धान्याची पिशवी हातात घेऊन कॅमेऱ्याकडे पाहणारी म्हातारी असतेच. तिला फोटोला नाही म्हणता आले असते का, हे कोणी विचारत नाही. देणग्यांसाठी अहवाल लागतो, अहवालासाठी फोटो लागतो, हे मला मान्य आहे. येशूची डाव्या-उजव्या हाताची शिकवण ऑडिटरला दाखवता येत नाही. तरीही चर्चच्या संस्थांनी यरुशलेमच्या त्या विधवांकडून एक गोष्ट शिकावी. वसतिगृहाच्या विश्वस्त मंडळावर तिथे वाढलेली एक तरी मुलगी असावी. रुग्णालयाच्या समितीवर तिथे धर्मादाय खाटेवर उपचार घेतलेला एक तरी माणूस असावा. त्यांना तक्रार करायला आवर्जून बसवावे, आणि तक्रार झाली की वाटपाची पळी त्यांच्या हाती द्यावी. असे केल्याने कोणाचा हेतू शुद्ध होईल की नाही, ते देव जाणे. पण घेणाऱ्याची मान ताठ राहील, आणि माणसाच्या हातात असलेला निःस्वार्थपणा बहुधा एवढाच आहे.