चौकशी की विचारपूस?



आजचं चिंतन गीतेच्या सतराव्या अध्यायातल्या दानावर. योग्य जागी, योग्य वेळी, योग्य माणसाला, परतफेडीची अपेक्षा न ठेवता दिलेलं दान सात्त्विक. मान न ठेवता, तुच्छतेने दिलेलं तामस. हे वाचलं आणि आमच्या कामवाल्या मावशी आठवल्या. थोडी लाजही वाटली.

मागच्या वर्षी मावशींच्या सुनेला पहिलं बाळ झालं. मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी आईच्या खात्यात टप्प्याटप्प्याने ५,००० रुपये येतात; दुसरी मुलगी झाली तर ६,०००. तिचे पैसे आले तेव्हा मी पटकन बोलून गेले, "मोबाइलमध्ये उडवू नका म्हणजे झालं!" मावशी काहीच बोलल्या नाहीत.

नंतर कळलं. अंगणवाडीत वजन करताना सेविकाताईंच्या लक्षात आलं की बाळाचं वजन वाढतच नाहीये. त्या घरी आल्या, पाजताना बाळाला कसं धरायचं ते दाखवलं, दवाखान्यात जायला सांगितलं. सून तेव्हा पुन्हा कामावर जायच्या बेतात होती. हातात पैसे होते म्हणून ती थांबली. बाळ आता छान आहे.

विचार करा ना. नुसते पैसे असते तर वजन अडलंय हे कळलं नसतं. नुसता सल्ला असता तर रोज बुडवून तो पाळणं तिला परवडलं नसतं. २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत आहार, लसीकरण, तपासणी आणि आईला मार्गदर्शन, सगळं एकत्र धरलंय. त्याला पैशांची जोड मिळाली की देणं पुरं होतं.

"पण एखादीने खरंच पैसे उडवले तर?" असं तुम्ही म्हणाल. मग ताईंनी त्या घरी आणखी एकदा जावं. बाळाचं काय चुकलं? आपण आईची पात्रता तपासत बसतो, आणि खरं पात्र पाळण्यात झोपलेलं असतं.

माझे तर पैसेही नव्हते, तरी तुच्छता तेवढी मी दिली. काल मावशींची माफी मागितली. त्या हसल्या, म्हणाल्या, "ताई, बाळाला बघायला या की!"

आजचा संकल्प: कुणाला काही मिळालं तर चौकशी करायची नाही, विचारपूस करायची.

माउली, एवढी बुद्धी दे.