पुढे ठेवण्याचा अर्थ

‘पुरस्कार’ या शब्दाचा मूळ अर्थ बक्षीस असा नाही. संस्कृतातील ‘पुरस्’ म्हणजे पुढे आणि ‘कृ’ म्हणजे करणे, या दोन घटकांपासून तो बनला असून एखादी गोष्ट सर्वांच्या दृष्टीसमोर ठेवणे हा त्याचा व्युत्पत्तीने मिळणारा अर्थ आहे. ‘पारितोषिक’ मात्र परितोषातून, म्हणजे देणाऱ्याला झालेल्या समाधानातून येते. व्हिडिओ गेमसारख्या नव्या कलेचा दरवर्षी सोहळा करून गौरव होतो, तेव्हा या दोहोंपैकी नेमके काय घडते हा प्रश्न वरवर व्यवहारातला दिसतो. परंतु त्याच्या मुळाशी भारतीय तत्त्वचिंतनातील दोन जुने प्रश्न आहेत. जो खेळ स्वतःतच पूर्ण असतो त्याला फळ असू शकते काय, आणि असलेच तर ते कोणाचे?

‘द गेम अवॉर्ड्स’ हा या क्षेत्रातील सर्वाधिक पाहिला जाणारा सोहळा २०१४ पासून भरतो आणि त्याच्या बहुतेक विभागांत नव्वद टक्के वजन परीक्षकांच्या, तर दहा टक्के वजन सामान्य खेळाडूंच्या मताला असते. २०२० साली पदार्पणातील सर्वोत्कृष्ट खेळाच्या विभागात पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या संस्थेच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ या खेळाला नामांकन मिळाले. भाऊ गोलू याला असुरांच्या हातून सोडवायला निघालेली राजी ही त्याची नायिका असून तिची कथा दुर्गा आणि विष्णू आपसांत बोलत सांगतात. खेळणाऱ्याच्या हाती देव दिलेला नाही, तर देवाचे त्रिशूल हाती आलेली एक माणसाची पोर दिलेली आहे. देव पाहतात, बोलतात, चिंता करतात, पण पाऊल तिनेच टाकायचे असते. कर्तृत्वाविषयीचा हा विचार खेळाच्या रचनेतच मुरलेला आहे, आणि तोच त्याचा सर्वांत मोठा गुण मानावा लागेल.

पहिल्या प्रश्नाला ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात स्पर्श झालेला आहे. ज्याच्या सर्व इच्छा तृप्त आहेत त्या ब्रह्माने सृष्टी कशासाठी निर्माण केली, या आक्षेपाला तेथे लीलेचे उत्तर दिलेले असून शंकराचार्यांनी त्याच्या स्पष्टीकरणासाठी, काहीही मिळवायचे उरलेले नसताना क्रीडा करणाऱ्या राजाचा दृष्टान्त घेतला आहे. लीला म्हणजे प्रयोजनावाचून होणारी कृती. या अर्थाने खेळ खेळून होतो तेव्हाच त्याचे फळ पदरात पडलेले असते, आणि सन्मानचिन्ह त्यात कशाचीही भर घालू शकत नाही. परंतु येथे एक भेद ध्यानात ठेवायला हवा: खेळणे ही लीला असली तरी खेळ तयार करणे हे कर्म आहे. ‘राजी’साठी २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला, तरीही काम चालू राहून २०२०मध्ये खेळ लोकांपुढे आला. मधल्या वर्षांतील श्रमाला लीला म्हणता येणार नाही.

कर्म म्हटले की दुसरा प्रश्न उभा राहतो. गीतेच्या अठराव्या अध्यायात प्रत्येक कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान म्हणजे कर्माचा आधार, कर्ता, करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नानाविध हालचाली, आणि दैव. जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो त्याला खरे दिसत नाही, असा त्या विवेचनाचा निष्कर्ष आहे. हे तत्त्व समजून घ्यायला पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्याइतकी उघड जागा दुसरी नसेल. तेथील असेंब्ली लाइनवरून बाहेर पडणाऱ्या मोटारीवर कोणाही कामगाराचे नाव नसते, कारण भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपमध्ये लेथवर उतरलेला सुटा भाग, तीन शिफ्टमधले हात, साचे, यंत्रे आणि वेळेवर आलेला कच्चा माल यांतून ती घडलेली असते. व्हिडिओ गेमही असाच घडतो. ‘राजी’चे करण ‘अनरियल इंजिन’ हे, दूरदेशी इतरांनी रचलेले सॉफ्टवेअर होते. कलादिग्दर्शन, कथन, संगीत, ध्वनी यांसाठी सोहळ्यात निरनिराळे विभाग ठेवावे लागतात, हीदेखील कर्ता एकटा नसल्याची अप्रत्यक्ष कबुलीच होय.

मग फळ मागूच नये काय? गीता फळाचे अस्तित्व नाकारत नाही, त्यावरील हक्क नाकारते. आणि या भेदाचे सर्वांत सुंदर उदाहरण याच पट्ट्याला लागून असलेल्या आळंदीत समाधिस्थ झालेल्या ज्ञानेश्वरांनी घालून दिले आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० मध्ये, नेवासे येथे ज्ञानेश्वरी पूर्ण करताना त्यांनी आपल्या वाग्यज्ञाचे, म्हणजे वाणीने केलेल्या यज्ञाचे, फळ विश्वात्मक देवाकडे स्पष्ट शब्दांत मागितले. त्यांनी संकोच केला नाही. मात्र मागितलेल्या पसायदानात, म्हणजे प्रसादरूप दानात, दुष्टांचे कुटिलपण जावे, जीवांचे परस्परांशी मैत्र जडावे आणि ज्याला जे हवे ते त्याला मिळावे एवढेच होते. स्वतःसाठी वेगळे काही नव्हते. प्रसाद वाटल्याशिवाय प्रसाद ठरत नाही, हे ज्याने ओळखले त्याला सन्मान नाकारण्याचेही कारण उरत नाही.

२०२० चा तो पुरस्कार ‘राजी’ला मिळाला नाही, तो ‘फॅस्मोफोबिया’ या खेळाला गेला. तरीही शब्दाच्या मूळ अर्थाने पुरस्कार झालाच होता, कारण मोठ्या भांडवलाच्या खेळांनी गजबजलेल्या वर्षात पुण्यात घडलेली एक कृती, तिच्यातील दुर्गा-विष्णूंसह, जगाच्या दृष्टीसमोर ठेवली गेली होती. पाच कारणांपैकी करणाच्या वाट्याला असा मान क्वचितच येतो. अपवाद आश्विन शुद्ध नवमीचा, म्हणजे खंडेनवमीचा. त्या दिवशी भोसरी-चाकणच्या कारखान्यांत यंत्रे पुसून स्वच्छ केली जातात, हळद-कुंकू आणि झेंडूची फुले वाहून त्यांची पूजा होते, नारळ फुटतो, आणि खोबऱ्याचा तुकडा मालकापासून हेल्परपर्यंत सगळ्यांच्या हातावर ठेवला जातो.